दोघांचा एकच स्कोअर: पेअर स्केटर म्हणून काढलेली वर्षं

फिगर स्केटिंगमध्ये मी सिंगल्समधून, म्हणजे एकटीने खेळण्यातून, पेअर्सकडे, म्हणजे मुलगा-मुलगीच्या जोडीकडे, वळले त्याचं कारण अगदी साधं होतं. माझे ट्रिपल, म्हणजे हवेत तीन फेऱ्यांच्या जंप, यायचे पण टिकायचे नाहीत. जंपच्या प्रकारांपैकी टो लूप आणि सॅल्कॉव बऱ्यापैकी, लूप आला तर आला, लुट्झ-फ्लिपचं नावच नको, आणि सिंगल्समध्ये वरच्या गटात राहायचं तर हे सगळे लागतात, शिवाय कॉम्बिनेशनमध्ये, म्हणजे एकामागे एक जोडूनही, लागतात. पेअर्सचं गणित वेगळं. तिथे दोघांनी शेजारी शेजारी एकाच वेळी जंप मारायची असते, साइड-बाय-साइड म्हणतात त्याला, आणि तिथे मोठमोठ्या जोड्याही ट्रिपल टो लूप नाहीतर ट्रिपल सॅल्कॉववरच भर देतात. माझी उंची कमी, स्पीड चांगला, आणि उंचावर नेलं तरी मी गडबडत नाही हे कोचनी पाहिलेलं होतं. त्या म्हणाल्या एकदा ट्रायआउट देऊन तर बघ.

लोकांना वाटतं ट्रायआउटला मुलगा लगेच मुलीला डोक्यावर उचलून बघतो. तसं काही नसतं. आधी बघतात तुम्ही फिरता कुठल्या बाजूला. बहुतेक जण घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, पण दोघांपैकी एक जण उलटा निघाला की जोडी जमणं फार अवघड होऊन बसतं, जंप, स्पिन, थ्रो सगळंच विरुद्ध पडतं. मग उंचीतला फरक बघतात. मग हातात हात घालून नुसतं स्ट्रोकिंग, म्हणजे पायाने ढकलत सरकणं, रिंकला फेऱ्यावर फेऱ्या, क्रॉसओव्हर्स म्हणजे पायावरून पाय टाकत वळणं, पुढे, मागे. गुडघा किती वाकतो, पुशची लांबी किती, एकाने वेग वाढवला की दुसरा ओढला जातो का. शेवटी एखादी साधी कमरेची लिफ्ट. बस. पण त्या फेऱ्यांमध्येच अनुभवी कोचला पुढचं सगळं दिसलेलं असतं, आता मी स्वतः ट्रायआउट बघते तेव्हा मलाही ते पटतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. या खेळात मुलं कमी आणि मुली खूप जास्त आहेत. त्यामुळे चांगला पार्टनर मिळालेली मुलगी त्याला सोडायला घाबरते, आणि त्या भीतीपायी ती बरंच काही सहन करते, ओरडणं, टोमणे, दुखापत लपवणं. मी हे अगदी जवळून बघितलंय. माझे दोन्ही पार्टनर माणूस म्हणून चांगले होते, पण एखादीला तसा मिळाला नाही तर "दुसरा कुठे मिळणार" हे वाक्य तिला कोणीही ऐकवू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिले काही महिने आम्ही जवळजवळ फक्त स्ट्रोकिंगच केलं. कोच आमच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या आणि नुसता आवाज ऐकायच्या. ब्लेडचा आवाज दोनदा आला की थांबा, परत. माझे पाय आखूड, त्याचे लांब, त्यामुळे त्याला आपली पावलं आखडावीशी वाटायची आणि कोच ते करू द्यायच्या नाहीत, त्याने गुडघा अजून वाकवायचा आणि मी पुश पूर्ण संपेपर्यंत पाय सोडायचा नाही, असं दोघांनी मधे कुठेतरी भेटायचं. तेव्हा मला हे फार कंटाळवाणं वाटायचं. पुढे कळलं की लिफ्ट असो की थ्रो, सगळ्याचा पाया हाच, कारण दोघं बर्फावर एकाच वेळी खाली गेले नाहीत तर वर जाणार कसे.

लिफ्ट आधी जमिनीवर शिकवतात, मॅट घालून, बूट नाहीत, ब्लेड नाहीत. आणि त्यातही सगळ्यात आधी शिकवतात ती लिफ्ट फसल्यावर काय करायचं ते. आमच्याकडे नियम होता, आधी ती, मग एलिमेंट (ज्याचे मार्क मिळतात ती लिफ्ट, जंप वगैरे). म्हणजे काहीही बिघडलं तर मुलाने पोझिशनचा, पॉइंटचा विचार सोडून मुलीच्या खाली यायचं, स्वतः पडावं लागलं तरी चालेल पण तिचं डोकं आणि बर्फ यांच्यामध्ये तो असलाच पाहिजे. आणि मुलीचं काम? अंग ताठ ठेवायचं, त्याच्या मानेला मिठी मारायची नाही, कोपर मोडायचं नाही. घाबरलं की माणूस आखडतो आणि जवळचं काहीतरी घट्ट पकडतो, ही आपली जन्माची सवय, ती मोडायला फार वेळ लागतो. आम्ही मॅटवर मुद्दाम लिफ्ट फसवायचो, कोच अचानक टाळी वाजवायच्या, तो हात काढून घ्यायचा, मी खाली यायचे, परत. उजव्या बाजूने, डाव्या बाजूने, पाठीकडून. मला लोक विचारतात की एवढा विश्वास कसा बसतो दुसऱ्यावर, त्यांना मी हेच सांगते की तो असा मॅटवर टाळीच्या आवाजावर बसला. तो मला झेलतो हे मला मनाने नव्हे, पाठीने माहीत झालं होतं.

बर्फावरची एक लिफ्ट जरा सविस्तर सांगते. समोरासमोर, तळहातावर तळहात. दोघांचे गुडघे एकत्र वाकतात, दोघांचा श्वास एकत्र आत जातो (हो, आम्ही श्वासावरच मोजायचो), मी उडी मारते आणि त्याच क्षणी त्याचे गुडघे सरळ होतात. मी पाव सेकंद आधी उडाले तर त्याच्या हातात नुसतं वजन येतं आणि ते सगळं खांद्यावर पडतं, मी उशीर केला तर तो मला जमिनीतून उपटल्यासारखा ओढतो. वर गेल्यावर माझे कोपर लॉक, मी खाली दाबतेय, तो वर दाबतोय. सैल अंग जड लागतं आणि ताठ अंग हलकं लागतं, हे उचलणाऱ्या कोणालाही विचारा. मग तो माझ्याखाली फिरत फिरत बर्फ कापत जातो, मला त्याचे पाय दिसत नाहीत पण त्याचा प्रत्येक टर्न माझ्या मनगटात कळतो. नियमाने साडेतीन फेऱ्यांपेक्षा जास्त फिरवता येत नाही, तेवढ्यात पोझिशन बदलायची, एक हात सोडायचा, लेव्हलसाठी, म्हणजे अवघडपणाच्या दर्जासाठी, जे जे ठरलंय ते सगळं उरकायचं. आणि खरा धोका उतरताना असतो. टीव्हीवर लोक वर जाताना श्वास रोखतात, पण उतरताना त्याचे हात थकलेले असतात, वेग तसाच असतो आणि मला एका पायावर, ब्लेडच्या मागच्या एजवर (कडेवर), हसत उतरायचं असतं.

कॉस्च्युमचं पण सांगायला हवं. कमरेला जिथे त्याचे हात येतात तिथे खडे, टिकल्या, काही नको. सुंदर दिसतात पण त्याचे तळहात सोलवटतात नाहीतर घामाने निसटतात. आमचा एक नवा ड्रेस पहिल्या प्रॅक्टिसनंतर कमरेभोवती पूर्ण उसवून परत शिवावा लागला होता.

ट्विस्टने मला सगळ्यात जास्त त्रास दिला. त्यात तो मला कमरेला धरून वर फेकतो, मी हवेत फिरते, ट्रिपल असेल तर तीन वेळा, आणि खाली येताना बर्फाला पाय लागायच्या आत त्याने मला कमरेलाच झेलायचं. लेव्हल वाढवायची तर फिरण्याआधी हवेत पाय फाकवून स्प्लिट दाखवा, हात डोक्यावर न्या, झेलताना माझे हात त्याच्या खांद्याला लागता कामा नयेत, आणि मला सोडल्यावर त्याने हात बाजूने खाली आणून परत वर न्यायचे, एवढ्यात! फिरून झाल्यावर मी अंग उघडायला उशीर केला की माझं कोपर थेट त्याच्या तोंडावर. ओठ फुटणं, नाकाला मार, हे मुलांच्या वाट्याला येतं आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. माझ्या कंबरेवर दोन्ही बाजूंना त्याच्या बोटांचे काळेनिळे ठसे सीझनभर असायचे. डबलवरून ट्रिपलवर जायला आम्हाला एक अख्खा सीझन लागला, आणि त्या काळात हार्नेसमध्ये लटकून एवढ्या वेळा फिरले की डोळे मिटले तरी फिरत असल्यासारखं वाटायचं.

थ्रो मात्र मला आवडायचा. थ्रोमध्ये उडी माझीच असते, तो फक्त तिला जोर देतो, आणि मी एकटीने जेवढी उडाले असते त्यापेक्षा कितीतरी उंच आणि लांब जाते. अडचण अशी की सिंगल्समधून आलेली मुलगी सवयीने लगेच हात आत घेते आणि फिरून मोकळी होते, मग अजून हवेतच असते आणि काय करावं कळत नाही. थ्रोमध्ये थांबायला शिकावं लागतं. आधी वर जा, मग फिर. लँडिंगला जो दणका बसतो तो नेहमीच्या जंपच्या कितीतरी पट, माकडहाड आणि कंबरेला पॅड लावूनच शिकायचं, तरी पॅड बर्फ थोडाच मऊ करतात. २००६ च्या ट्युरिन ऑलिम्पिकमध्ये चीनच्या झांग दान आणि झांग हाओ या जोडीने थ्रो क्वाड सॅल्कॉव, म्हणजे चार फेऱ्यांचा, मारला होता, झांग दान भयंकर पडली, गुडघा गेला, थोडा वेळ थांबून ते परत उतरले, प्रोग्राम पूर्ण केला आणि सिल्व्हर मिळवलं. लहानपणी मी ते बघून भारावून गेले होते. आता बघते तेव्हा माझं लक्ष त्याच्याकडे जातं, ती पडल्यावर उरलेला प्रत्येक थ्रो त्याला परत आपल्याच हातांनी द्यायचा होता.

डेथ स्पायरलचं नाव भयंकर आहे पण माझ्या मते आमच्या खेळातला तोच सगळ्यात देखणा एलिमेंट. मुलगा एक टो-पिक (ब्लेडच्या पुढच्या टोकाचे दात) बर्फात रोवून खोल बसतो, पिव्हट म्हणतात, आणि मुलगी त्याच्या एका हाताला धरून त्याच्याभोवती फिरते, एकाच एजवर, डोकं बर्फाच्या इतकं जवळ की केस घासतात. बर्फाचा गार वाफारा कानाला लागतो. तिथे सगळी मदार एजवर आहे, मी हाताने ओढायला गेले की एज सपाट होते आणि मी खाली बसते. चार प्रकार असतात, मागची बाहेरची एज, मागची आतली, पुढची आतली, पुढची बाहेरची. त्यातले बाहेरच्या मागच्या एजचा सोडून बाकी तिन्ही लुडमिला बेलोउसोवा आणि ओलेग प्रोटोपोपोव्ह यांनी आणले, १९६४ आणि १९६८ चे ऑलिम्पिक चॅम्पियन. तेव्हापासून २००६ पर्यंत पेअर्सचं ऑलिम्पिक गोल्ड सोव्हिएत किंवा रशियन जोडीकडेच गेलं, २००२ मध्ये ते कॅनडाच्या जोडीबरोबर वाटून घ्यावं लागलं एवढंच, आणि २०१० मध्ये चीनच्या शेन श्वे आणि झाओ होंगबो यांनी ती साखळी तोडली.

बाहेरून सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी गोष्ट म्हणजे शेजारी शेजारी स्पिन. आणि मला भीती वाटायची ती तिचीच. दोघं जवळ असलेले चांगले दिसतात म्हणून जवळ जायचं, पण कॅमल स्पिनमध्ये मागे सरळ ताणलेला पाय असतो आणि त्याच्या टोकाला ब्लेड. १९९६ च्या जानेवारीत येलेना बेरेझनाया या स्केटरच्या डोक्यात प्रॅक्टिसमध्ये अशाच स्पिनच्या वेळी तेव्हाच्या पार्टनरचं ब्लेड घुसलं. मेंदूची शस्त्रक्रिया झाली, तिला बोलणं आणि चालणं परत शिकावं लागलं. पुढे अंतोन सिखारुलिद्झेबरोबर ती १९९८ मध्ये ऑलिम्पिक सिल्व्हर आणि २००२ मध्ये गोल्ड मिळवून गेली. आम्हाला कोचनी हे पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, घाबरवायला नाही, तर अंतर डोळ्याने मोजल्याशिवाय स्पिनमध्ये शिरायचं नाही म्हणून. स्पिनमध्ये पोझिशन बदलताना दोघांपैकी एक जण बारीक आवाजात इशारा देतो, आमच्यात तो द्यायचा, नुसतं "हं". प्रेक्षकांना कधीच ऐकू गेलं नाही.

स्पर्धांचा प्रवास म्हटला तर पायऱ्या ठरलेल्या असतात. देशातल्या ज्युनियर स्पर्धा, मग ज्युनियर ग्रां प्री (तिथेही पेअर्स सगळ्या ठिकाणी नसतात), ज्युनियर वर्ल्ड्स म्हणजे ज्युनियरची जागतिक स्पर्धा, सिनिअरला आलं की चॅलेंजर सिरीज, नशीब आणि स्कोअर दोन्ही असले तर ग्रां प्री, आणि मग वर्ल्ड्स. वर्ल्ड्सला जायला किमान टेक्निकल स्कोअर आधी कुठेतरी करून दाखवावा लागतो, शिवाय तुमच्या देशाला किती जागा हे आदल्या वर्षीच्या निकालावर ठरतं, एक ते तीन. म्हणजे आमचा निकाल वाईट लागला तर पुढच्या वर्षी आमच्याच देशातल्या दुसऱ्या जोडीची जागा जाते. हे ओझं शॉर्ट प्रोग्रामच्या, म्हणजे स्पर्धेतल्या पहिल्या छोट्या प्रोग्रामच्या, आधी डोक्यात येऊ द्यायचं नसतं, पण ते येतंच.

स्पर्धेच्या दिवशी सहा मिनिटांचा वॉर्मअप मिळतो, एका गटात जास्तीत जास्त चार जोड्या. आठ माणसं, सोळा ब्लेड, आणि प्रत्येक जोडीला आपला थ्रो एकदा तरी मारायचाय. आम्ही रिंकच्या कुठल्या कोपऱ्यात काय करायचं हे आदल्या रात्रीच ठरवायचो. सगळ्यांसमोर लिफ्टला शिरायचं आणि वाटेत दुसरी जोडी आली तर सोडून द्यायचं, हट्ट करायचा नाही.

मार्क कसे पडतात तेही थोडक्यात. टेक्निकल पॅनल आधी ठरवतं तुम्ही नक्की काय केलंत आणि कुठल्या लेव्हलचं, चारपर्यंत लेव्हल असतात. मग नऊ जज प्रत्येक एलिमेंटची क्वालिटी देतात, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा काढून बाकीच्यांची सरासरी. एक जण पडला तर एक पॉइंट वजा, दोघं पडले तर दोन. ही पद्धत आली ती २००२ च्या सॉल्ट लेक सिटीतल्या पेअर्सच्याच जजिंगच्या गोंधळानंतर, तेव्हा दोन जोड्यांना गोल्ड द्यावं लागलं होतं आणि ६.० पर्यंत मार्क द्यायची जुनी पद्धत गेली. मला नवी पद्धत आवडते. हातात कागद येतो, त्याच्यावर ओळ न् ओळ असते, ट्विस्ट लेव्हल दोनच का मिळाला हे रात्री व्हिडिओ लावून समजून घेता येतं. पण त्या कागदावर दोघांचा आकडा एकच असतो, त्याने सांभाळलं की मी सांभाळलं याला तिथे रकाना नाही. एकदा लिफ्टमध्ये माझा हात निसटला आणि त्याने मला खांद्यावर घेऊन, एक फेरी जास्त फिरून, अगदी ठरवल्यासारखं खाली उतरवलं. कागदावर फक्त लेव्हल कमी झाल्याचं दिसलं. मला अजूनही वाटतं की त्याने आयुष्यात केलेलं ते सगळ्यात चांगलं स्केटिंग होतं.

मी सिनिअरला आले तेव्हा फ्री स्केट, म्हणजे शॉर्टनंतरचा मोठा प्रोग्राम, साडेचार मिनिटांचा होता. २०१८-१९ पासून चार मिनिटांचा झाला, एक स्पिन कमी झाली, आणि क्वालिटीचे मार्क उणे तीन ते अधिक तीनऐवजी उणे पाच ते अधिक पाच झाले. लोक म्हणाले आता सोपं होईल. आम्हाला उलट वाटलं, मधे श्वास घ्यायची जी जागा होती तीच गेली. शेवटच्या मिनिटात दोन लिफ्ट असायच्या आमच्या, त्याच्या मांड्या पेटलेल्या असायच्या आणि माझ्या बोटांतली जाणीव गेलेली. आम्ही ट्रेनिंगमध्ये प्रोग्राम संपला की लगेच शेवटची लिफ्ट परत करायचो, त्याशिवाय सुटका नाही.

त्याच वर्षीच्या म्हणजे २०१८ च्या ऑलिम्पिकमध्ये जर्मनीकडून खेळणारे अल्योना सावचेंको आणि ब्रुनो मासो शॉर्टनंतर चौथे होते. त्याने साइड-बाय-साइड सॅल्कॉव ट्रिपलऐवजी डबल मारला होता. दुसऱ्या दिवशी फ्रीमध्ये त्यांनी जे केलं आणि गोल्ड नेलं ते आम्ही दोघांनी मिळून बघितलं आणि आमच्यात बराच वेळ कोणी बोललं नाही. तिचं पाचवं ऑलिम्पिक होतं ते. पेअर्स समजून घ्यायचं असेल तर तो एक प्रोग्राम बघा, बाकी मी लिहिलेलं नाही वाचलं तरी चालेल.

शरीराबद्दल लिहायचं टाळणार नव्हते. पेअर्समधल्या मुलीच्या वजनाबद्दल सगळ्यांना मत असतं. लिफ्ट जड लागली की आधी तिच्या ताटाकडे बघतात, टायमिंगकडे नंतर. मी वर सांगितलं तसं जड लागण्याचं कारण बहुतेक वेळा टायमिंग असतं, सैल पोट असतं, थकवा असतो. कमी खाऊन थकलेली मुलगी वर गेल्यावर ताठ राहूच शकत नाही, म्हणजे ती उलट जास्तच जड आणि जास्तच धोक्यात. वाढीच्या वयात मुलगी चार बोटं उंच झाली म्हणून जोड्या तुटतात, ही लहान लहान पोरं असतात हो. २०२२ मध्ये फुकेतच्या बैठकीत इंटरनॅशनल स्केटिंग युनियनने सिनिअरचं किमान वय टप्प्याटप्प्याने १५ वरून १७ वर न्यायचं ठरवलं तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

दुखापत सगळ्यांना होते. माझी मोठी दुखापत लिफ्टमधून उतरताना झाली, त्याचा पाय बर्फातल्या खाचेत अडकला, दोघंही गेलो, त्याने मला वर ढकलायचा प्रयत्न केला म्हणून माझं डोकं पूर्ण जोराने आपटलं नाही, पण आपटलं. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. घोटा मोडला तर प्लास्टर दिसतं, लोक विचारतात. डोक्याला मार लागल्यावर तुम्ही बाहेरून ठणठणीत असता आणि आत दिवा सहन होत नाही. परत येण्याचा क्रम डॉक्टरांनी ठरवून दिला होता, आधी नुसतं चालणं, मग सायकल, मग बर्फावर साधं स्ट्रोकिंग, मग छोट्या जंप, स्पिन फार उशिरा कारण फिरलं की मळमळायचं, आणि लिफ्ट-ट्विस्ट सगळ्यात शेवटी. मधली एकही पायरी गाळायची नाही. त्या काळात मी सुई वेनजिंगचे व्हिडिओ खूप बघायचे, २०१६ मध्ये तिच्या दोन्ही पायांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि २०१७ मध्ये ती हान त्सोंगबरोबर वर्ल्ड चॅम्पियन झाली, पुढे २०२२ मध्ये बीजिंगला ऑलिम्पिक गोल्ड, फक्त ०.६३ पॉइंटने. दुखापतीनंतरच्या माझ्या पहिल्या लिफ्टच्या दिवशी पार्टनरचेच हात थरथरत होते, माझे नाही. कोचनी आम्हाला परत मॅटवर नेलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

पुढे त्याच्या खांद्याने साथ सोडली आणि आमची जोडी संपली. जोडी संपणं हा वेगळाच प्रकार आहे. भांडण नाही, काही नाही, पण वर्षानुवर्षं ज्याच्या श्वासावर मोजलं तो माणूस सकाळी रिंकवर नसतो, आणि शिकलेल्यातलं अर्धं एकटीला करताच येत नाही.

दुसरा पार्टनर दुसऱ्या देशाकडून खेळलेला होता. मग कागदपत्रं. आधीच्या फेडरेशनचं सोडपत्र लागतं, ते मिळेपर्यंत आणि ठरलेला काळ संपेपर्यंत इंटरनॅशनल स्पर्धा नाही, नुसती प्रॅक्टिस. ते सोडपत्र आम्हाला फार उशिरा मिळालं. युनियनच्या स्पर्धांना दोघांपैकी एक जण त्या देशाचा नागरिक असला तरी चालतं, ऑलिम्पिकला दोघंही लागतात. ब्रुनो मासो फ्रान्सचा, त्याला जर्मन भाषेच्या परीक्षेत अडकून अगदी शेवटी, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये नागरिकत्व मिळालं आणि तीन महिन्यांत गोल्ड. आमचं तसं जमलं नाही, आम्ही वर्ल्ड्सपर्यंत गेलो, ऑलिम्पिक टीव्हीवर बघितलं. २०२२ ला तिथे एकूण १९ जोड्या होत्या, आणि त्यातल्या काहींना आम्ही त्याआधी हरवलेलं होतं. वाईट वाटलंच.

नव्या पार्टनरबरोबर सगळं पहिल्यापासून. त्याचा तळहात मोठा, ग्रिप वेगळी, ट्विस्टला तो जरा उशिरा सोडायचा त्यामुळे उंची जास्त मिळायची पण माझं मोजणं चुकायचं. मधे २०२० आलं, रिंक बंद, वर्ल्ड्स रद्द, तो त्याच्या घरी आणि मी माझ्या घरी. सिंगल्सवाले निदान रोलर स्केट्सवर, अंगणात काहीतरी करत होते, आम्हाला एकमेकांना हात लावल्याशिवाय करण्यासारखं होतं तरी काय. आम्ही व्हिडिओ कॉलवर एकत्र म्युझिक लावून प्रोग्राम जागच्या जागी चालायचो, श्वास मोजत. परत बर्फावर आलो तेव्हा ट्विस्ट गेला होता, पण स्ट्रोकिंगचा आवाज एकच होता.

थांबायचं दोघांनी मिळून ठरवलं. त्याला शिकवायचं होतं आणि माझा घोटा सकाळी गरम पाण्याशिवाय हलायचा नाही. शेवटची स्पर्धा छोटी होती, थ्रो दोन्ही लँड झाले, साइड-बाय-साइडला त्याचा हात बर्फाला लागला, पाचवे आलो.

आता मी आमच्या जुन्या कोचना मदत करते. पेअर्ससाठी येणाऱ्या मुलींच्या आया पहिल्यांदा वयाचं विचारतात, उशीर तर झाला नाही ना. मी डिएना स्टेलाटो-डुडेकचं सांगते, सोळा वर्षं स्केटिंग सोडून ती परत आली, पेअर्स शिकली, आणि २०२४ मध्ये मॉन्ट्रियलला मॅक्सिम डेशाँबरोबर वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा ४० वर्षांची होती. मग मुलीला आणि मुलाला बूट काढायला सांगते आणि दोघांना मॅटवर घेते. लिफ्ट नंतर, आधी फसलेल्या लिफ्टमधून खाली कसं यायचं ते. टाळी आता मी वाजवते.